परदेशातील नोकरीची मुलाखत आणि अंगावरचा कपडा

गेली पस्तीस वर्षे मी कोल्हापुरात शिवणकाम करतो. या काळात परदेशी नोकरीच्या मुलाखतीसाठी कपडे शिवायला आलेले शेकडो तरुण माझ्या हाताखालून गेले. बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असते, ‘चाचा, मुंबईला दुबईच्या कंपनीची मुलाखत आहे, आठवड्यात सूट पाहिजे.’ पूर्वी मी लगेच माप घेत असे. आता टेप हातात घेण्याआधी विचारतो, ‘काम कसले आहे?’ हा प्रश्न विचारायला मी कसा शिकलो, ते आधी सांगतो.

माझा भाचा आय.टी.आय. झालेला वेल्डर. शिरोलीला एका फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये त्याने चार वर्षे काम केले होते. हात चांगला होता. २०१३ साली त्याला एका आखाती कंपनीच्या मुलाखतीसाठी मुंबईला बोलावणे आले. घरात आनंद झाला आणि मामाने सूट शिवून द्यायचा असे ठरले. मी गडद निळा टेरीवूलचा कोट-पँट शिवला, आत चकाकणारा पॉलिएस्टरचा शर्ट दिला, टोकदार बूट त्याने महाद्वार रोडवरून घेतले. निघताना पोरगा नवरदेवासारखा दिसत होता.

मुंबईत टेबलावरची मुलाखत पाच मिनिटांत आटोपली. नंतर सगळ्यांना एका वर्कशॉपमध्ये नेले. पंचेचाळीस अंशांत तिरका धरलेला पाइप सगळ्या बाजूंनी वेल्ड करून दाखवायचा होता. ज्याला आपले वेल्डर ‘सिक्स-जी’ म्हणतात, तीच परीक्षा. भाच्याने कोट काढला, तो ठेवायला जागा शोधली, चामड्याचा ॲप्रन बांधला. ॲप्रनने छाती झाकली, बाह्या उघड्याच राहिल्या. पाइपच्या खालच्या अंगाचे काम सुरू होताच ठिणग्या वरून बाहीवर पडू लागल्या. पॉलिएस्टर वितळते आणि वितळून कातडीला चिकटते. कोपराजवळ चटका बसला, हात हलला, पहिल्याच थरात फट राहिली. नापास.

परत आल्यावर तो एवढेच म्हणाला, ‘मामू, रॉड हातात होता तोवर भीती नव्हती. बाहीवर ठिणगी पडली आणि माझं सगळं ध्यान बाहीकडं गेलं.’ त्याला पुढची संधी सात महिन्यांनी मिळाली. सात महिन्यांचा परदेशी पगार बुडाला. तो कपडा मी शिवला होता, त्यामुळे त्या नापासाच्या पत्रावर निम्मी सही माझी होती असे मी आजही मानतो.

परीक्षक काय पाहतो?

१९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, आखाती देशांत रस्ते, बंदरे, तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहू लागले, तेव्हापासून कोकणातून आणि आपल्या भागातून कारागिरांची ये-जा सुरू आहे. कोल्हापूरचा मोल्डर, टर्नर, फिटर हा शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले येथील फाउंड्र्या आणि मशिन शॉपमध्ये घडलेला असतो. त्याच्या कामाला बाहेर किंमत आहे. मात्र मुलाखत म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर सिनेमातील साहेब उभा राहतो. कारागिराची मुलाखत आणि साहेबाची मुलाखत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साहेबाची मुलाखत टेबलावर संपते, कारागिराची मशिनवर. तिथला परीक्षक स्वतः बहुधा जुना फोरमन असतो. तो तुमच्या कोटाची किंमत करीत नाही. हा माणूस कामावर उभा राहताना स्वतःला आणि शेजाऱ्याला सांभाळतो की नाही, हे तो पाहतो. लेथकडे जाण्यापूर्वी ज्याने न सांगता हातातले घड्याळ काढून खिशात ठेवले, त्याचा अर्धा अनुभव परीक्षकाला कळतो. सांगितल्यावर ज्याने काढले त्याचाही कळतो, पण उलट बाजूने.

म्हणून माझा सल्ला असा की ट्रेड टेस्ट असेल तर दोन जोड न्यावेत. टेबलासाठी साधा स्वच्छ शर्ट-पँट आणि मशिनसाठी कामाचे कपडे, धुतलेले, इस्त्री केलेले, बटणे पूर्ण असलेले. जुने असले तरी चालतील. ग्रीस-तेलाचे डाग मात्र नकोत. वेल्डरच्या बाबतीत तर तेलकट कपडा म्हणजे अंगावर बांधलेली वात आहे.

वेल्डरचा कपडा

यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरची मागणी याच धंद्यात मोठी आहे आणि चुकाही याच धंद्यात अधिक दिसतात.

कपडा शंभर टक्के सुती हवा. खाकी ड्रिल किंवा डेनिम उत्तम. बाजारात ‘कॉटन’ म्हणून जे दाखवतात त्यात टेरीकॉटच अधिक असते आणि टेरीकॉटमध्ये बहुधा दोन भाग पॉलिएस्टर व एक भाग सूत असते. दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबण्यापेक्षा दोन धागे ओढून घ्यावेत, एक उभा, एक आडवा, आणि काडी लावून पाहावी. सूत कागदासारखे जळते, कागदाचाच वास येतो, मऊ राख उरते आणि बोटाने चोळली की उडून जाते. पॉलिएस्टर आधी आकसते, मग वितळून काळा कडक मणी बनते. दोन्ही मिसळलेले असतील तर राखेत खडा लागतो. ही परीक्षा दुकानाच्या बाहेर येऊन करावी. आत केली तर दुकानदार रागावेल, आणि ते बरोबरच आहे.

बाही पूर्ण हवी, मनगटाशी बटण लावलेली. वर दुमडलेली बाही म्हणजे ठिणग्या साठवण्याची झोळी. पँटच्या पायाला बाहेरून घडी नको, तिथेही ठिणगी बसते. कॉलरचे वरचे बटण लावावे, नाहीतर गळ्याचा तिकोना उन्हाने भाजावा तसा लाल होतो. आर्कच्या प्रकाशाने कातडी खरोखरच भाजते, आणि पातळ पांढऱ्या कपड्यातून तो प्रकाश आरपार जातो. रंग गडद असावा. फिका कपडा शील्डच्या आतल्या बाजूला उजेड परतवतो आणि डोळ्यांना त्रास होतो. छातीच्या खिशाला झाकण असावे. खिशात लायटर, प्लॅस्टिकची कंगवी, मोबाइल यांपैकी काही नको.

पँट बुटाच्या वरून बाहेर सोडावी. काही जण ऐटीत ती बुटात खोचतात, मग ठिणगी सरळ पायात उतरते. बूट चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे. पुढे पोलादी टोपी असलेला सेफ्टी बूट घेताना त्यावर आय.एस. १५२९८ हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का ते पाहावे. या मानकाच्या सेफ्टी बुटाची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसण्यासाठी असते, म्हणजे साधारण वीस किलोचा डाग एक मीटर उंचीवरून पडला तरी बोटे वाचावीत, असा हिशेब आहे. हा बूट मुलाखतीच्या आदल्या दिवशी विकत घेऊ नये. आठ-दहा दिवस घालून पायाशी जुळवावा. फोड आलेल्या पायाने दोन तास उभे राहून वेल्डिंग होत नाही.

टोपीबद्दल नेहमी विचारले जाते. डोक्याला घट्ट बसणारी सुती टोपी जगभरचे वेल्डर शील्डखाली घालतात, केसांवर ठिणगी पडू नये म्हणून. तेव्हा टोपीची अडचण मुळीच नाही. मात्र आपल्याकडे मिळणाऱ्या विणलेल्या जाळीदार टोप्यांपैकी बऱ्याच नायलॉनच्या असतात. नायलॉन डोक्यावर वितळले तर काय होईल ते सांगायला नको. टोपी सुताची, न जाळीची असावी.

भाच्याच्या दुसऱ्या खेपेला मी खाकी ड्रिलचा जोड शिवला. खर्च सुटाच्या निम्म्याहून कमी आला. टेबलावर त्याने जुनाच पांढरा शर्ट घातला. कपड्यामुळे तो पास झाला असे मी म्हणणार नाही, पास तो हातामुळे झाला. या वेळी कपडा आड आला नाही, इतकेच.

लेथ, भट्टी, वीज

टर्नर आणि मशिनिस्टचा नियम वेल्डरच्या उलट आहे. वेल्डरला हातमोजे लागतात, लेथवर हातमोजा घालणारा माणूस परीक्षकाच्या मते नापासच. फिरत्या जॉबने मोज्याचे टोक धरले की मागोमाग हात जातो. बाही अर्धी किंवा मनगटाशी घट्ट, शर्ट आत खोचलेला. टाय, मफलर, गळ्यात सोडलेला रुमाल नको. अकीकची चांदीची अंगठी, मनगटाचा दोरा, गळ्यातील ताईत हे सगळे आधी उतरवून सांभाळून ठेवावे. अंगठी मशिनमध्ये अडकली तर बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. उद्यमनगरात अशी बोटे पाहिलेल्यांना मी वेगळे काय सांगणार? सैल झब्बा किंवा लांब कुर्ता घालून मशिनजवळ जाऊ नये. तो पोशाख मुलाखत आटोपल्यावर घालायचा.

मोल्डर आणि भट्टीवरचा कामगार यांनाही सुती कपडाच हवा. बुटाच्या बाबतीत मात्र एक बारकावा आहे. नाडीचा बूट भट्टीवर घातक ठरतो, कारण वितळलेला रस नाडीच्या फटीत अडकतो आणि बूट झटकन निघत नाही. बिननाडीचा, पटकन उपसता येणारा बूट किंवा वरून झाकणारे चामड्याचे गेटर हवेत. इलेक्ट्रिशियनने धातूचे कडे, मोठ्या बकलचा पट्टा, घड्याळ टाळावे आणि कोरडा रबरी तळ असलेला बूट घालावा.

इतर धंद्यांचे थोडक्यात. ड्रायव्हरने चपलेवर गाडी चालवून दाखवू नये, पेडलवरून चप्पल सटकते. आचाऱ्याने नखे कापावीत, दाढी-केस नीट झाकता येतील असे ठेवावेत आणि त्या दिवशी अत्तर लावू नये. पदार्थाचा वास घेणाऱ्या माणसाला तुमच्या अत्तराशी कर्तव्य नसते. खरे तर अत्तराचा हा नियम सगळ्यांनाच लागू करावा, वातानुकूलित छोट्या खोलीत गडद अत्तर डोके दुखवते. आणि माझ्याच धंद्यातील शिंप्याने स्वतः शिवलेला शर्ट घालून जावे. मुलाखत घेणारा कॉलर उलटी करून आतली शिवण पाहणार, हे गृहीत धरावे.

दाढी आणि मास्क

हा विषय नाजूक आहे, तरी टाळण्यासारखा नाही. मुलाखतीच्या टेबलावर नीट कापलेली, विंचरलेली दाढी आखाती देशांत अडचणीची नसते. अडचण येते ती तेल आणि वायूच्या काही कामांवर. जिथे विषारी वायूची भीती असते तिथे तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावावा लागतो. मास्कची रबरी कड कातडीला टेकली तरच हवा अडते, मध्ये केस आले तर फट राहते आणि वायू आत येतो. म्हणून अशा जागी बऱ्याच कंपन्या दाढी चालू देत नाहीत. हा नियम धर्माविरुद्ध नसून वायूविरुद्ध आहे. केसांना तो शीखांचे, ख्रिश्चनांचे की आपले असे विचारीत नाही.

मात्र वाट एकच आहे असेही नाही. पंख्याने गाळलेली हवा डोक्यावरच्या सैल टोपडात सोडणारे मास्क निघाले आहेत. त्यांना कड चिकटावी लागत नाही, त्यामुळे दाढी असलेला माणूस तो वापरू शकतो. सगळ्या कामांवर तो चालत नाही. तेव्हा ज्याला दाढी ठेवायची आहे त्याने पैसे भरण्यापूर्वी एजंटला स्वच्छ विचारावे, ‘साइटवर कोणता मास्क लागतो?’ तिकडे पोहोचल्यावर हा प्रश्न निघाला तर नोकरी आणि कर्ज दोन्ही अंगावर येतात.

टेबलावरची नोकरी

हिशेबनीस, विक्रेता, स्टोअरकीपर, सुपरवायझर यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे काम टेबलावरच आहे, म्हणून कपडाही टेबलाचा. तरी सूट हवाच असे नाही. फिक्या रंगाचा पूर्ण बाहीचा शर्ट, गडद पँट, काळा बंद बूट, त्याच रंगाचा पट्टा. एवढ्यावर बहुतेक ठिकाणी भागते. ५८ इंच पन्न्याच्या कापडात शर्टाला साधारण १.६ मीटर व पँटला १.२ ते १.३ मीटर लागते, उंच माणसाला थोडे जास्त. कापड एकदा पाण्यातून काढून मग शिवायला द्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही मनगट सोडून वर जाते.

माप नीट असले की स्वस्त कापड भारी दिसते. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपावी. कॉलरचे बटण लावून आत दोन बोटे जावीत. पँट बुटावर टेकून एकच हलकी मोड पडावी. कोट घातलाच तर बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा, खालचे बटण उघडे ठेवावे. तयार कोट विकत घेतला असेल तर मागच्या फटीवर फुलीसारखा घातलेला कच्चा टाका आणि बाहीवरची कंपनीची चिठ्ठी उसवून टाकावी. ती चिठ्ठी मिरवण्यासाठी आहे असे समजणारे लोक मी पाहिले आहेत. मित्राचा मागून आणलेला कोट मात्र लांबूनच ओळखू येतो. त्यापेक्षा कोट नसलेला बरा.

दुबईला जाऊन तिथेच मुलाखत द्यायची असेल तर उन्हाळ्यात बाहेर पारा चाळिशीच्या वर आणि कार्यालयात थंडी असते. बनियन सुती घालावी, पोहोचल्यावर दहा मिनिटे बसून घाम सुकू द्यावा. अरबांसारखा पांढरा कंदुरा घालून जाण्याची हौस काहींना असते. तो त्यांचा पोशाख आहे. नोकरी मागायला गेलेल्या भारतीयाला शर्ट-पँटच शोभते असे माझे मत आहे.

आता वाटा आखाताबाहेरही निघाल्या आहेत. जानेवारी २०२१ मध्ये भारत व जपान यांच्यात कुशल कामगारांबाबत सहकार्याचा करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. जपानमध्ये मुलाखतीला काळा किंवा गडद निळा साधा सूट घालण्याची रीतच आहे, तिथे सुटाचा खर्च वाया जात नाही. काही जपानी ठिकाणी बूट बाहेर काढावे लागतात, म्हणून मोज्याला भोक नसावे. हसू नका, हीच गोष्ट शेवटपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

अशा दूरच्या देशांच्या पहिल्या मुलाखती हल्ली पडद्यावर होतात. बारीक चौकडीचा किंवा बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यात लवलवतो, समोरच्याचे डोळे थकतात. एकरंगी शर्ट घालावा, खिडकी पाठीमागे नसून समोर असावी, आणि खाली लुंगी ठेवू नये. ‘उभे राहून हत्यारांची पेटी दाखवा’ असे कोणी म्हटले तर फजिती होते.

कोल्हापुरीचे काय?

कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. आपल्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच घाटाच्या चपला मांडल्या, कोल्हापूरचे नाव न घेता. ओरड झाल्यावर तिला मूळ मान्य करावे लागले. अशी चप्पल पायात असल्याचा अभिमान जरूर असावा. तरीही नोकरीच्या मुलाखतीला ती घालू नये. वर्कशॉपमध्ये उघडा पाय चालत नाही, आणि शांत खोलीत चपलेची करकर आधी आत जाते, उमेदवार मागून. चप्पल विकायला परदेशात गेलात तर गोष्ट वेगळी. तेव्हा तीच तुमचा सूट.

स्त्रिया आणि डोक्यावरचा रुमाल

आपल्या मुली नर्सिंग, शिक्षण, संगणक या क्षेत्रांत बाहेर जाऊ लागल्या आहेत. आखाती देशांत डोक्यावरच्या रुमालाचा प्रश्न सहसा उद्‌भवत नाही. अन्यत्र काय, हे एका खटल्यावरून समजून घेता येते. अमेरिकेत २००८ साली ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात समांथा एलॉफ ही सतरा वर्षांची मुलगी डोक्याला काळा रुमाल बांधून ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीत मुलाखतीला गेली. मुलाखतीत तिला गुण चांगले मिळाले. पण कंपनीच्या पोशाखाच्या नियमात ‘टोपी’ला मनाई होती, त्याखाली तिला नाकारण्यात आले. रुमाल धर्मासाठी आहे असे तिने सांगितले नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते. सरकारच्या समान संधी आयोगाने तिच्या बाजूने खटला चालवला आणि १ जून २०१५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कंपनीविरुद्ध निकाल दिला. धार्मिक पोशाखाला सवलत द्यावी लागेल या विचारानेच उमेदवार नाकारणे हा भेदभाव आहे, मग तिने सवलत मागितलेली नसली तरी, असा त्याचा मथितार्थ.

प्रत्येक देशाचा कायदा असा नाही, हेही खरे. तिथे अर्ज करण्यापूर्वी त्या संस्थेचा पोशाखाचा नियम मागवून वाचावा. रुमाल एकरंगी, सुती, टाचण्या कमी, टोके आत खोचलेली असा असावा. नर्सला तर लोंबते टोक रुग्णाच्या अंगावर येणे परवडत नाही. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णाला हात लावताना कोपराखालचा हात उघडा ठेवण्याची अट आहे, जंतुसंसर्गासाठी. मुस्लिम कर्मचाऱ्यांसाठी एकदा वापरून टाकून देण्याच्या बाह्यांची सोयही तिथे मान्य झाली आहे. ही माहिती असलेली मुलगी मुलाखतीत गडबडत नाही.

सूट विकणारे एजंट

दोन वर्षांपूर्वी एक तरुण आला होता. एजंटने त्याला सांगितले, ‘ट्रेड टेस्ट लागत नाही, सूट घालून फोटो काढ आणि पैसे भर.’ तो फिटर होता. फिटरची परीक्षा न घेता फिटर नेणारा माणूस कारागीर शोधत नसतो, पैसे भरणारा शोधत असतो. मी त्याचे माप घेतले नाही, आधी परवाना तपासून ये म्हणालो. तो पुन्हा आला नाही. रागावला की वाचला, मला ठाऊक नाही.

१९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारचा परवाना लागतो. परवाना खरा की खोटा, चालू की संपलेला, हे सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येते. या कायद्याखालील नियमांत एजंटच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी अशी कमाल मर्यादा घातलेली आहे. जितके भराल त्याची पावती घ्यावी. आणि ‘मुलाखतीचा गणवेश आमच्याकडूनच घ्यावा लागेल’ असे सांगून हजारो रुपये लावणाऱ्याला कापडाचा भाव विचारावा.

प्रवासाचा दिवस

आपल्याकडून बहुतेक जण रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जातात आणि सकाळी तसेच मुलाखतीला पोहोचतात. मुलाखतीचे कपडे अंगावर घालून रात्र काढू नये. शर्ट वर्तमानपत्राच्या दोन पानांमध्ये घडी करून वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा, पावसाळ्यात तर नक्कीच. स्टेशनच्या प्रतीक्षागृहात तोंड धुऊन तिथेच बदलावेत. कामाचे कपडे आणि बूट दुसऱ्या पिशवीत. पासपोर्ट व दाखले या दोन्हींत नसावेत, ते छातीशी.

शिवणकाम करणाऱ्या बांधवांसाठी

शेवटी माझ्या धंद्यातील मंडळींना दोन शब्द. मुलाखतीच्या सुटाचे गिऱ्हाईक हल्ली तयार कपड्यांच्या दुकानात जाते. पण मापाचा सुती कामाचा जोड तिथे मिळत नाही, जो मिळतो तो बहुधा टेरीकॉटचा असतो. खाकी आणि निळ्या ड्रिलचा एखादा तागा दुकानात ठेवला तर हे काम आपल्याकडे येऊ शकते. ड्रिल आधी भिजवून खळ काढून घ्यावी. काखेत तुकडा जोडावा, म्हणजे हात वर केला तरी शर्ट खोचलेलाच राहतो. खिशाच्या झाकणाला बटण लावावे, चिकटपट्टी नको, ती नायलॉनची असते. आणि मशिनवर पॉलिएस्टरचे रीळ चढवलेले असेल तर उतरवून सुती दोरा लावावा. मी पहिल्या दोन जोडांना हीच चूक केली होती. कापड शाबूत राहिले, ठिणगीने दोरा वितळला आणि खांद्याची शिवण उघडली.